दिव्याखाली पाच माणसं

ज्या चित्राविषयी बोलायचं ते आधी शब्दांतच तुमच्यापुढे मांडतो.

बुटक्या छताची खोली. वर टांगलेला तेलाचा एकच दिवा. खाली टेबलावर उकडलेल्या बटाट्यांचा थाळा, आणि भोवती एका शेतकरी घरातली पाच माणसं. डावीकडे एक पुरुष नि एक तरुण बाई थाळ्यात काटे घालताहेत. उजवीकडे वयस्क बाई कॉफी ओततेय, तिच्या शेजारच्यानं कप पुढे केलाय. पाचवी मुलगी, आपल्याकडे पाठ करून. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं हे ‘बटाटे खाणारे’ १८८५ साली नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी रंगवलं.

लोक म्हणतात, काय उदास चित्र! का, तर गरिबी आणि मळकट रंग. पण तो रंग, न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्याचा, त्याला हवाच होता. मला उदासी सापडते ती नजरांमध्ये. तरुण बाई पुरुषाकडे बघतेय, तो तिच्याकडे बघत नाही. कपवाला ओतणारीकडे बघतोय, तिचं लक्ष कॉफीच्या धारेवर. दिसणाऱ्या चौघांत एकाही नजरेला उत्तर नाही.

आता हातांकडे या. हाडं वर आलेले, गाठाळ बोटांचे डावीकडच्या दोघांचे हात मात्र एकाच थाळ्याशी भेटतात. याच हातांनी जमीन खणलीय, असं व्हॅन गॉगनं भावाला, थिओला, कळवलं होतं. म्हणजे हे जेवण त्यांनी स्वतः कमावलेलं; म्हणून हे चित्र कीव मागत नाही, असं माझं मत. आणि खरं सांगा, दिवसभर राबून आलेल्या घरात जेवताना कोण कुणाच्या डोळ्यांत बघत बसतं?

मग ती पाठमोरी मुलगी कशाला? पुस्तकात चित्र मिळालं, तर तिच्यावर अंगठा ठेवून पाहा. टेबलाची अलीकडची बाजू उघडी पडते आणि उरलेले चौघे आपल्यासाठी मुद्दाम बसवल्यासारखे वाटू लागतात. अंगठा काढला, की तिची काळी पाठ आणि भोवतीची उजळ वाफ मध्ये येते. घेर पुरा होतो. आपण त्या घेराबाहेर.

व्हॅन गॉगच्या व्हॅन रॅपार्ड या चित्रकार मित्रानं याच रचनेचं शिळाछापाचं चित्र पाहून चांगलंच झोडपलं. एकाचा हात आखूड, किटलीचा आणि हाताचा मेळ नाही, वगैरे. शरीररचनेच्या हिशेबानं त्याचं फारसं चुकलं नव्हतं. मैत्री मात्र त्यातून सावरली नाही. तरीही १८८७ मध्ये पॅरिसहून बहिणीला लिहिताना, आपलं सर्वांत चांगलं काम म्हणून व्हॅन गॉगनं याच चित्राचं नाव घेतलं.