फेणी, अर्क आणि नीरो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



फेणी हा शब्द आमच्या घरात वर्षातून एकच महिना ऐकू येतो. रमजानमध्ये, सहरीच्या वेळी. शेवयांसारखी बारीक, तळलेली फेणी गोड दुधात भिजवायची आणि दिवस उजाडण्याआधी खाऊन घ्यायची. सावंतवाडी ओलांडून पुढे गेलं की तोच शब्द बाटलीत जाऊन बसतो. तिथल्या फेणीचं नाव फेणावरून, म्हणजे फेसावरून आलं, असं सांगतात. बाटली हलवली की वर बुडबुड्यांची माळ धरते. जाणकार माणूस त्या माळेकडे बघूनच दारूचा कस ओळखतो.

मी पीत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण मी गझल लिहितो. गझल लिहिणाऱ्याला साकी, जाम, मैखाना हे शब्द वारशानं मिळतात, त्याला इलाज नाही. माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला, उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या. तेव्हापासून मराठी वाचकालाही हे शब्द परके राहिले नाहीत. मात्र या साऱ्या कवितेत पेला आयता भरलेला असतो. तो भरण्याआधी काय काय घडतं, ते कुणी सांगत नाही.

ते मला दाखवलं गोव्यातल्या एका मित्रानं. हा सत्तरीकडचा, निवृत्त मराठी शिक्षक आणि कवी. पंचवीस वर्षांपूर्वी एका कविसंमेलनात ओळख झाली, ती टिकली. गेल्या एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, ‘‘अरे, आता तरी ये. नुसता समुद्र बघून परत जातोस. गोवा आत आहे.’’

पणजीच्या बसस्थानकावर तो घ्यायला आला होता. आधी नाश्ता, मग पुढचं, हा त्याचा नियम. पणजीत कॅफे टाटो १९१३ सालचं आणि कॅफे भोसले १९२० सालचं, अशी शंभरी ओलांडलेली उपाहारगृहं आहेत. पातळ भाजी, सुकी भाजी, दोन्ही एकत्र केली की मिक्स. सोबत पाव किंवा गोडसर बन. शेजारच्या टेबलावर कचेरीतला माणूस, पलीकडे मासळीबाजारातून आलेली बाई, आणि कुणालाच घाई नाही. बिल बघून मी म्हटलं, ‘‘एवढंच?’’ मित्र म्हणाला, ‘‘मोठ्यानं बोलू नकोस, ऐकतील.’’

मग डिचोली, साखळी करत आम्ही वाळपईकडे गेलो. दुपारी एका खानावळीत जेवलो. पाटी नाही, मेनूकार्ड नाही. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण, सुक्या सुंगटांची किसमूर आणि ओल्या काजूंची उसळ. बाहेरगावी जेवताना मला बरेचदा दोन प्रश्न विचारावे लागतात. मासळीच्या ताटापाशी ते उरत नाहीत. वाढणाऱ्या बाईंनी माझं नाव विचारलं, ऐकलं आणि विचारल्या, ‘‘आणखी हुमण घालू?’’

दुसऱ्या दिवशी पहाटे मित्र मला डोंगरउतारावरच्या काजूच्या बागेत घेऊन गेला. काजूचं झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. अनेकांचं लक्ष त्याच्या बीकडे गेलं, गोवेकरानं बोंडूही वाया जाऊ दिला नाही. इथली जुनी रीत अशी, की बोंडू झाडावरून तोडायचा नाही. पिकून आपोआप खाली पडलेला तेवढाच वेचायचा. बी पिरगळून वेगळी काढायची आणि बोंडू दगडी कुंडीत पायांनी तुडवायचे. तो रस तीन दिवस आंबत ठेवतात आणि मग भट्टी लावतात. हंड्याखाली लाकडं, हंड्यातून निघालेली नळी दुसऱ्या भांड्यात, आणि त्या भांड्यावर एक माणूस अखंड गार पाणी ओततोय. धूर, आंबूस वास आणि एप्रिलचा उकाडा. आमच्या गझलेतला साकी देखणा असतो. इथला बनियनवर होता आणि त्याचे डोळे धुरानं लाल झाले होते.

पहिल्या धारेच्या सौम्य दारूला उर्राक म्हणतात. ती पुन्हा भट्टीतून काढली की बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांची फेणी होते. उर्राकचं मूळ अरबी ‘अरक’ या शब्दात आहे, आणि अरक म्हणजे घाम. भांड्यात थेंब जमतात ते घामासारखे, म्हणून हे नाव. मराठीतला अर्क तोच. एखाद्या बिलंदर माणसाला आपण ‘अर्क आहे’ म्हणतो, तेव्हा अरबीतला घामच पुसत असतो! भट्टीजवळ उभं राहिल्यावर मला वाटलं, हे नाव ठेवणारा हंडा आणि माणूस दोघांकडेही नीट बघत असावा.

तिथं मित्र एकदम म्हणाला, ‘‘ही भट्टी आमची होती. बाबा चालवायचे.’’

पंचवीस वर्षांत हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. वडिलांची काजूची बाग होती, एवढंच म्हणायचा. ‘‘शाळेत मास्तर झालो, मग कसं सांगू? आणि तुला तर कसं सांगणार? तू मुसलमान. म्हटलं, आमच्या घरचं जेवशील की नाही.’’

मी विचारलं, ‘‘तुझ्या शिक्षणाची फी यातूनच ना?’’

‘‘फी, पुस्तकं, बहिणीचं लग्न. सगळंच.’’

दारूनं धुळीला मिळालेली घरं मी जवळून पाहिली आहेत. त्यामुळे फेणीचं कौतुक करणं मला जमणार नाही. पण एका माणसानं तीन महिने धुरात उभं राहून मुलाला मराठीचा शिक्षक केलं, हेही खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. दोन्ही जवळ ठेवूनच मला मित्राकडे बघावं लागतं.

आता भट्टी दुसऱ्यांकडे आहे. तुडवलेल्या बोंडूंचा चोथा वेलीनं बांधून त्यावर जड दगड ठेवतात. त्यातून थेंबथेंब जो स्वच्छ रस गळतो, तो नीरो. तो आंबलेला नसतो. मालकांनी स्टीलचा पेला भरून माझ्यापुढे धरला. ‘‘घेयात बाब, हातूंत सोरो ना.’’ घ्या, यात दारू नाही. कुणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. गोड, किंचित तुरट, घशाला जरा धरणारा असा तो रस मी त्या कुंडीच्या काठावर बसून प्यालो. मित्रही तेच प्याला. त्याची दारू डॉक्टरांनी कधीच बंद केली आहे.

काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये गोव्यानं तिला आपला वारसा म्हणून मान्यता दिली. मालकांना याचा अभिमान आहे. पण त्यांचा मुलगा कारखान्यात नोकरीला जातो, आणि बोंडू वेचायला माणसं मिळत नाहीत. ‘‘माझ्या मागे कोण?’’ असं ते म्हणाले आणि पुन्हा पाणी ओतायला लागले. भांडं तापून चालत नाही.

श्रोतेहो, मित्राच्या गावी गेलात, तर तिथलं चांगलं उपाहारगृह तो तुम्हाला हौसेनं दाखवीलच. पण दोन दिवस जास्त राहा. ज्या जागेचं नाव काढायला त्याची जीभ अडते, ती जागा एखादेवेळी तिसऱ्या दिवशी दिसते.

नीरो सकाळीच प्यावा लागतो. दुपार कलली की तो आंबू लागतो आणि मग तो माझ्या कामाचा राहत नाही. पार्सलनं तो येत नाही, तिथंच जावं लागतं. पुढच्या एप्रिलचं आमंत्रण आलं आहे.