धावदोऱ्याचा वारसा



बुकित बातोक हा सिंगापूरच्या पश्चिमेचा भाग. मलाय भाषेत बुकित म्हणजे टेकडी. १९४२ साली जपान्यांनी इथल्या टेकडीवर ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांना राबवून आपल्या मृत सैनिकांचं स्मारक उभारलं.

त्याच वर्षी बेटाच्या पूर्वेला, जपान्यांनी चांगी तुरुंगात डांबलेल्या बायकांनी सुईदोरा हाती घेतला. एथेल मुल्वानी या कॅनेडियन बाईंच्या पुढाकाराने तीन गोधड्या तयार झाल्या. प्रत्येकीत ६६ चौकोन, आणि चौकोनावर शिवणारीची सही. गोधड्या इस्पितळातल्या जखमींसाठी होत्या. पण 'आम्ही जिवंत आहोत' हा निरोपही त्यांतून ताटातूट झालेल्या नवऱ्यांपर्यंत जाणार होता. आज त्यांतल्या दोन ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या युद्धस्मारकात जतन केल्या आहेत.

जोडलेल्या कापडातून माया पोचवणं मराठी घरांना नवं नाही.

आजीचं नऊवारी, आजोबांचं धोतर. धुऊन धुऊन मऊ झालेलं हे कापड थरावर थर अंथरायचं आणि दाट धावदोरा घालायचा. टाके जवळजवळ पडले की थर सरकत नाहीत. गोधडी म्हणा किंवा वाकळ, तिची शाळा आईच्या शेजारीच भरते: एका कडेला आई, दुसऱ्या कडेला लेक. पुढे त्याच लेकीच्या बाळंतविड्यात आजीच्या हातची झबली, कुंची आणि दुपटी येतात.

लेक सिंगापुरात राहत असेल, तर तिथे बारा महिने उकाडा, जाड वाकळ नकोशीच होते. दोन पदरी सुती दुपटं मात्र बाळाला सोसतं, आणि बॅगेच्या कोपऱ्यात सहज मावतं.