पटकीच्या जंतूची शिदोरी

मालवणच्या बंदरातून होडीने सिंधुदुर्गास जाणाऱ्या प्रवाशास तेथील तीन विहिरी आवर्जून दाखविल्या जातात. दूधबाव, दहीबाव व साखरबाव ही त्यांची नावे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर हा दुर्ग बांधावयास घेतला, त्याच्या चहूकडे खारा समुद्र. आणि आत मात्र गोडे पाणी. अशा पाण्यास साखरेचे नाव मिळावे हे स्वाभाविकच होय. परंतु साखरेची गोडी मनुष्यासच असते असे नाही. पटकीच्या जंतूचे सारे जीवितही निरनिराळ्या शर्करांवर अवलंबून असते, आणि त्या पचविण्याचे त्याचे कौशल्य त्याच्या मारकपणाशी निगडित आहे.

हा जंतू मुळात पाण्यातला रहिवासी आहे. नदी जेथे समुद्रास मिळते, तेथील निमखाऱ्या पाण्यात त्याच्या जातकुळीचे जंतू जगात सर्वत्र आढळतात आणि त्यांतील बहुतेक मनुष्यास पटकी देत नाहीत. देवबागेजवळ कर्ली नदी समुद्रास मिळते, तशी ठिकाणे त्यांस मानवतात. तेथे त्यांचे अन्न कोणते? मालवणी गृहिणी सुंगटे सोलून जे कवच टाकून देते, किंवा कुर्ल्यांची जी पाठ फोडते, ते कवच कायटिन नामक द्रव्याचे असते. हे कायटिन म्हणजे नत्रयुक्त शर्करेच्या कणांची लांबच लांब साखळी. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जलकीटकांचे कवचही त्याचेच. जंतू त्यावर चिकटतो, पाचक रस सोडून साखळीचे तुकडे करतो आणि ते गिळतो. २००५ साली असे दाखविण्यात आले की, कायटिनवर वाढत असता हा जंतू भोवतालच्या पाण्यातील परक्या जंतूंचे जनुकद्रव्यही आत घेऊ शकतो. म्हणजे जेथे पोट भरते, तेथेच नवे गुण आत्मसात करण्याची संधीही मिळते.

अशा पाण्याबरोबर जंतू मनुष्याच्या पोटात गेला की देखावा पालटतो. आतड्यास आतून बुळबुळीत श्लेष्म्याचे अस्तर असते. त्यात सायलिक आम्ल नावाची एक शर्करा असते. ती सोडवून घेण्याची व पचविण्याची जनुके पटकीच्या रोगकारी जंतूंत एका विशिष्ट जनुकसमूहात एकत्र आढळतात; निरुपद्रवी भाऊबंदांत हा समूह बहुधा नसतो. ही पचनाची जनुके निकामी केलेले जंतू व साधे जंतू उंदराच्या पिलांच्या आतड्यात एकत्र सोडले असता पहिले मागे पडतात, असे २००९ साली दिसून आले. पटकीचे विष कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सिद्ध केले, आणि रोग्याचे पाणी शोषून नेणारे ते विषच होय. परंतु विष तयार करावयासही जंतूस आधी तेथे टिकाव धरावा लागतो; आणि टिकाव हा शिदोरीचा प्रश्न आहे.

या शिदोरीने इतिहासासही वळण दिले असावे. १९०५ साली सिनाई द्वीपकल्पातील एल टोर येथील क्वारंटाईनमध्ये या जंतूचा एक निराळा वाण सापडला. १९६१ साली त्याने इंडोनेशियातून सातवी जागतिक साथ सुरू केली व १९६४ साली तो हिंदुस्थानात आला. पुढील काही दशकांत जुना वाण जवळजवळ नाहीसा झाला. दोहोंत एक भेद असा की, भरपूर ग्लुकोज मिळाल्यास जुना वाण त्याचे आम्ल करतो आणि स्वतःच्याच आम्लात मरतो. नवा वाण त्याच ग्लुकोजापासून आम्लतारहित पदार्थ बनवून सुखाने वाढतो. नव्याच्या विजयास हे एक कारण असावे, असे मत २००६ साली मांडले गेले. हेच एकमेव कारण म्हणता येणार नाही. तथापि साखर आंबविण्याच्या रीतीतील एवढासा फरक जंतूच्या जीवनमरणाचा ठरू शकतो, हे प्रयोगात स्पष्ट दिसते.

येथे सुज्ञ श्रोत्यास शंका येईल की, जंतूस साखर आवडते, तर पटकीच्या रोग्यास साखरपाणी का पाजावे? याचे उत्तर आतड्याच्या रचनेत आहे. ग्लुकोज व मीठ यांस एकाच वेळी आत घेणारे एक द्वार आतड्याच्या पेशींत असते, आणि पटकीचे विष ते बंद करू शकत नाही. त्या द्वाराने मीठ व साखर आत गेली की पाणीही मागोमाग जाते. रोगी मरतो तो पाणी आटल्यामुळे. ते भरून निघाले की शरीर जंतूस स्वतःच घालवून देते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच उपायाने असंख्य रोगी वाचविले. तयार पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. ते घोट घोट पाजीत रोग्यास ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

आणि प्रतिबंध? बांगलादेशात जुने सुती लुगडे निदान चार पदरी घडी घालून त्यातून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे त्या खेड्यांत पटकी सुमारे ४८ टक्क्यांनी घटली. कापडातून सुटा जंतू सहज निसटतो. पण ज्या जलकीटकांच्या कवचावर तो बसलेला असतो, ते अडकतात. जंतूची शिदोरीच त्याच्या हातून काढून घेतली जाते. मात्र उरलेल्या निम्म्यासाठी गाळलेले पाणी खळखळून उकळावे, आणि सुंगटे-कुर्ल्या पुरत्या शिजवाव्यात. पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरते, तेव्हा घरातील कर्त्या माणसाने याचा आळस करू नये; कारण पाणी चवीस साखरबावीसारखे गोड लागले, तरी त्यात कोण वस्तीस आहे हे जिभेस कळत नाही.