‘खाट नाही’ असे कोण म्हणतो?



8 जुलै 1992 ची संध्याकाळ. पश्चिम बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनावर हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार, आत रक्तस्राव. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून त्याला कलकत्त्याला नेले. रात्रभर एकामागून एक सरकारी रुग्णालये पालथी घातली. एका ठिकाणी तर डॉक्टरांनी तपासून ‘ताबडतोब दाखल करा’ असा शेराही दिला. पण खाट नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी खासगी रुग्णालयाने त्याला घेतले. खर्च आला 17,000 रुपये. शेतमजुराच्या हातात त्या काळी इतके पैसे कुठून येणार?

त्याच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. आपल्या राज्यघटनेत ‘आरोग्याचा हक्क’ हे शब्द नाहीत. अनुच्छेद 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. पण ते पडले मार्गदर्शक तत्त्व, त्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही. मे 1996 च्या निकालात न्यायालयाने आधार घेतला तो अनुच्छेद 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. तिजोरीत खडखडाट आहे ही सबब ऐकली नाही, आणि 25,000 रुपये भरपाई द्यायला लावली.

मला त्या निकालातला एक बारकावा विसरता येत नाही. प्रकरण चालू असतानाच राज्य सरकारने आदेश काढला होता : तातडीच्या रुग्णाला खाट नसेल तर ट्रॉलीवर ठेवा, अगदीच वेळ आली तर जमिनीवर ठेवा, पण दाखल करून घ्या. म्हणजे त्या रात्री ‘खाट नाही’ हे फक्त खाटा मोजून दिलेले उत्तर नव्हते. तो कुणीतरी घेतलेला निर्णय होता.

‘आरोग्य हा हक्क असूच कसा शकतो?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. निरोगी ठेवण्याची हमी देवही देत नाही, हे खरेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही 2000 साली स्पष्ट केले, की आरोग्याचा हक्क म्हणजे निरोगी असण्याचा हक्क नव्हे. तत्त्वज्ञ ऑनोरा ओनील यांचा आक्षेप जास्त अवघड आहे : देणेकरी कोण ते ठरलेले नसेल, तर हक्क ही नुसती घोषणा. मला हा आक्षेप मान्य आहे. म्हणूनच मी रुग्णालयाच्या दाराशी उभा राहून बोलतो आहे. तिथे देणेकरी समोर बसलेला असतो.

आणि साधने खरोखरच अपुरी असली तर? दक्षिण आफ्रिकेत, डर्बनमध्ये, थियागराज सुब्रमणी यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. सरकारी रुग्णालयात डायलिसिसची यंत्रे मोजकी, म्हणून कुणाला घ्यायचे याचे निकष ठरवलेले. ते त्यात बसत नव्हते. 1997 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने हकीम शेखचा निकाल वाचला, तो तातडीच्या उपचाराचा आहे म्हणून वेगळा काढला, निकष तपासले आणि सुब्रमणींची मागणी नाकारली. पुढे लवकरच ते वारले. हा निकाल वाचताना पोटात तुटते. तरीही मी त्याला अन्याय म्हणू शकत नाही, कारण ‘नाही’ का म्हटले, याचा हिशेब तिथे उघडपणे मांडला गेला.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागता येत नाही. मागे आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यांना धाप लागली, तेव्हा मी त्यांना अशाच एका रुग्णालयात घेऊन गेलो. खिडकीतून पहिला प्रश्न आला, “डिपॉझिट किती भरताय?” मी योजनेचे नाव काढले. “त्या खाटा फुल्ल आहेत.” मी विचारले, “किती आहेत, आणि कुणाकुणाला दिल्यात?” तो मुलगा गप्प झाला. मग आतून समाजसेविका बाई आल्या, नोंदवही उघडून त्यांनी माझ्यासमोर ओळीवरून बोट फिरवले. खाटा खरोखरच भरलेल्या होत्या. बाईंनी वही मिटली, वॉर्डबॉयला हाक मारून स्ट्रेचर मागवले, व्हरांड्यातच ऑक्सिजन लावला, दुसऱ्या रुग्णालयाला फोन केला आणि मग मला म्हणाल्या, “काका, खाट मिळेपर्यंत हे इथेच राहतील.”