एसजीपीटी कोणाचं वाढलं?

कारखान्यात वार्षिक मेडिकलचे रिपोर्ट आले, की दवाखान्याबाहेरच्या बाकावर रांग लागते. ज्याच्या कागदावर एसजीपीटी या यकृताच्या एन्झाइमच्या आकड्यापुढे तारा छापलेला असतो, त्याला आत शिरताच पहिला प्रश्न, “घेतोस का?” तो म्हणतो, “कधीतरी, साहेब.” झालं! ‘दारू बंद, तेलकट बंद, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा’ एवढं लिहून पुढच्याला हाक.

सल्ला वाईट नाही. बहुतेक वेळा यकृतात चरबीच निघते. नाहीतर दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, क्षयाच्या गोळ्या. घरगुती काढेही निर्दोष नसतात. मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद केली. उलट नुसतं एसजीओटी हे दुसरं एन्झाइम वाढलं असेल, तर ते स्नायूंतूनही येतं. आदल्या दिवशी गोण्या वाहिलेल्या माथाडीला यकृताचा रोगी ठरवू नये.

पण आपण कारखान्याबद्दल बोलतो आहोत, आणि इथे माणूस एकटा आजारी पडतोच असं नाही.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला एक कापडावर लेप चढवण्याचा कारखाना घ्या. तिथल्या कामगारांची तपासणी 1988 मध्ये प्रसिद्ध झाली. 58 जणांपैकी 36 जणांची यकृताची एन्झाइम्स वाढलेली. आता हेच आकडे खात्यांप्रमाणे मांडा: उत्पादनातल्या 46 पैकी 35, आणि बाकीच्या 12 पैकी फक्त एक. दारू किंवा चरबी खातं बघून माणूस निवडत नाही. कारण होतं डायमिथाइल फॉर्मामाइड, म्हणजे डीएमएफ हे सॉल्व्हंट. कामाची पद्धत सुधारली, जास्त बाधितांना तिथून हलवलं, तेव्हा बहुतेकांचे आकडे उतरले.

डीएमएफ औषधांच्या आणि कृत्रिम चामड्याच्या कारखान्यांत सर्रास वापरतात. ते नाकातून जातं तसंच कातडीतूनही जातं. साधे रबरी हातमोजे त्याला फार वेळ अडवत नाहीत. ब्युटाइल रबराचे लागतात. आणि त्याची एक खोड आहे: त्यावर काम केलेल्या माणसाने थोडी जरी दारू घेतली, तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते. म्हणून ‘घेतोस का?’च्या पाठोपाठ ‘घेतल्यावर काय होतं?’ हेही विचारावं. पहिल्या प्रश्नाने कामगार गप्प होतो. दुसऱ्याला तो हसत का होईना, खरं सांगतो.

कुठल्या खात्यात किती जणांचं वाढलं, हे कोणी विचारत नाही, कारण नोंदी तशा ठेवलेल्याच नसतात. रिपोर्ट तिकीट नंबराप्रमाणे लावलेले, कंत्राटी कामगारांचे तर कंत्राटदाराच्या फायलीत. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियेवर असणाऱ्यांची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी आणि नोंदी त्यांना बघता याव्यात, अशी तरतूद त्यात आली. तपासणी होते, माझ्या मते अडतं ते पुढे, कागद एकत्र वाचण्यात. अमेरिकेतल्याच लुईव्हिल इथल्या पीव्हीसी कारखान्यात यकृताचा एक अतिशय दुर्मिळ कर्करोग तिघा कामगारांना झाला होता. तिथल्या डॉक्टरने ती तीन नावं शेजारी ठेवली, म्हणून 1974 मध्ये पीव्हीसी ज्यापासून बनतं त्या व्हिनाइल क्लोराइडचं नाव पुढे आलं. हा कर्करोग नेहमीच्या एन्झाइम तपासणीत वेळेवर दिसेलच असं नाही, त्यामुळे तारा नसलेल्या कागदावरही विसंबू नका.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी तारा छापलेला कागद असेल, तर मागच्या तीन वर्षांचे रिपोर्ट काढा आणि त्या माणसाने खातं कधी बदललं ते शेजारी लिहा. आकडा तिथून चढला असेल, तर हिपॅटायटिसच्या तपासण्या कराच, पण काही आठवडे दुसऱ्या खात्यात काम मागा आणि पुन्हा रक्त द्या. ही बदली पगार आणि ओव्हरटाइम न कापता व्हायला हवी, हे युनियनने आधीच व्यवस्थापनाकडून लिहून घ्यावं. नाहीतर पुढच्या मेडिकलच्या दिवशी तो कामगार रजा टाकून घरी बसेल.