इंजेक्शन तेच, प्रश्न वेगळा



कॉक्रेन संस्थेचं बोधचिन्ह तुम्ही शेकडो वेळा पाहिलं असेल. त्यातल्या आडव्या रेघांपैकी प्रत्येक रेघ म्हणजे एकेक चाचणी आहे. प्रश्न एकच: अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ घातलेल्या बाईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर बाळ वाचतं का? पहिली चाचणी न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. सगळ्या चाचण्या एकत्र मांडणारा पद्धतशीर आढावा आला १९८९ साली. मधली सतरा वर्षं पुरावा नियतकालिकांच्या पानांत विखुरलेला पडून होता आणि बहुतेक बायकांना ते इंजेक्शन मिळत नव्हतं. ती सतरा वर्षं मला आजही अस्वस्थ करतात.

आता नागपूरला या. नागपूर, बेळगाव आणि इतर पाच देशांतल्या काही भागांत हेच औषध गावपातळीपर्यंत नेऊन पाहिलं गेलं. २०१५ साली निकाल आला. अगदी लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू हजारामागे साडेतीनने वाढले. ज्यांना इंजेक्शन मिळालं, त्यांतल्या बहुतेकींची बाळं मुळात तेवढी लहान नव्हतीच. मग २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीचा निकाल आला. भारतासह पाच देशांतली रुग्णालयं, सोनोग्राफीने मोजलेले दिवस, नवजात बाळाची काळजी घेण्याची सोय. तिथे औषध न मिळालेल्या गटात २३.५ टक्के बाळं दगावली, औषध मिळालेल्या गटात १९.६ टक्के. औषध तेच होतं. बदललं होतं ते ठिकाण.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही जण आरोग्य संशोधन विभागाच्या हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंटच्या कामात जातील. सरकारने कुठल्या उपचारावर पैसा खर्च करावा, हे तिथे ठरवायला मदत करायची असते आणि हातात काही महिनेच असतात. ‘प्रॉस्पेरो’ या नोंदवहीत नोंदवलेल्या पद्धतशीर आढाव्यांचा २०१७ साली हिशेब मांडला गेला, तेव्हा एका आढाव्याला सरासरी ६७ आठवडे लागल्याचं दिसलं. म्हणजे वेळ वाचवावाच लागणार.

वाचवा, जरूर वाचवा. आधी झालेला चांगला आढावा शोधा, त्याची प्रत तपासा आणि त्याच्या शेवटच्या शोधाच्या तारखेपासून पुढे निघा. ग्रंथपालाला पहिल्याच दिवशी सोबत घ्या. शोधात ‘अँटीनेटल’ लिहून थांबलात आणि ‘प्रीनेटल’ राहून गेलं, तर किती लेख हातचे जातात ते तो जाणतो. हजारो शीर्षकं चाळताना संभाव्य कामाचे लेख वर आणणारी सॉफ्टवेअर आहेत, ती बिनदिक्कत वापरा.

पण दुसरी नजर वाचवू नका. उमेदवारीच्या काळात मुदत जवळ आली म्हणून मी एकटीने शीर्षकं चाळली होती. नुसतं नाव वाचून मी बाजूला टाकलेला एक लेख सहकाऱ्याने आठवड्यानंतर पुन्हा काढला. तो धरल्यावर आम्ही हिरिरीने लिहिलेल्या निष्कर्षातला ‘निश्चित’ हा शब्द खोडावा लागला. तेव्हापासून दोघांनी स्वतंत्रपणे चाळल्याशिवाय मी एकही आढावा सही करून पुढे पाठवलेला नाही.

आणि प्रश्न लिहिताना घाई करू नका. रुग्ण कोण, उपचार काय, तुलना कशाशी, परिणाम कोणता, हे तुम्हाला पाठ आहे. त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहा. हे कुठे द्यायचंय? तिथे गर्भाचे दिवस कसे मोजतात? रात्री दोन वाजता जन्मलेल्या बाळासाठी तिथे ऑक्सिजन आहे का? ही माहिती डेटाबेसमध्ये मिळाली नाही, तर तिथल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना फोन करा आणि त्या जे सांगतील ते प्रोटोकॉलच्या पहिल्या पानावर, शोध सुरू करण्याआधी लिहून ठेवा.