आधी कात्री, मग कॅमेरा
(पाथरी येथील भाषण)



फिल्म म्हटलं की तुम्ही विचारता, कॅमेरा कुणाचा? मी उलटं विचारतो : ती कापणार कोण, कुठल्या मशीनवर, आणि फाईली राहणार कुठं?

विलास घोगरे आठवा. ११ जुलै १९९७ ला मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. काही दिवसांत या शाहिरानं जीव दिला. तिथून आनंद पटवर्धननं चौदा वर्षं शूटिंग केलं, २०११ ला 'जय भीम कॉम्रेड' आली. त्यात घोगरे गाताना दिसतात, ते १९८५ च्या 'हमारा शहर'मधलं चित्रण. जपून ठेवलं होतं म्हणून मेलेला शाहीर पडद्यावर गातोय!

आपला विषय १९७८. नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. त्या वेळच्या पोरी आज म्हाताऱ्या झाल्यात. म्हातारी एकदाच मोकळं बोलेल. आवाज बिघडला म्हणून तेच रडणं पुन्हा मागायचं? हा हलकटपणा आपल्याच्यानं व्हायचा नाही. तेव्हा माईक पदराजवळ लावा, रेकॉर्डर वेगळा ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा. पुढं त्या टाळीवरच चित्र आणि आवाज जुळवायचाय. बोलणं संपलं की सगळ्यांनी गप बसून त्याच खोलीची मिनिटभर शांतता घ्यायची. वाक्य कापल्यावर पडणारं भगदाड तिनंच बुजतं.

तिला नाव, तोंड दाखवायचंय का, आधी विचारा. नको म्हणाली तर पाठमोरी बसवा. नंतर चेहरा धुरकट केला की बाई आरोपी दिसते.

आता हिशोब. सेकंदाला १०० मेगाबिट धरले तर तासाला ४५ जीबी. पाच जणी, दोन-दोन तास : ४५० जीबी. डिस्क दोन, त्याही दोन घरांत. सगळे फोन २५ फ्रेमवर, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर ट्यूबलाईट लपलपते.

खाली सबटायटलला जागा सोडा. मराठी बोलता बोलता बाई उर्दूत शिरेल, शिरू द्या. लिहिताना तिची भाषा सदाशिवपेठी केलीत तर याद राखा.

कॅसेटवरचं भीमगीत उचलून लावू नका, हक्काचं लचांड निघतं. नवं लिहून घ्या, पण शूटिंगआधी.

आणि जी पोरगी कापणार आहे तिला पहिल्या दिवसापासून सोबत न्या. रोज रात्री तिनं फाईली बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.